पिवळ्या आकड्यांची झाडं

त्या वर्षी माझं काम लाकूड तोलायचं होतं.

येरमाळ्याहून भूमकडं जाताना डोंगराच्या पायथ्याला एक गाव लागतं. तिथं घरटी म्हैस आहे आणि दर दोन गल्ल्यांआड खव्याची भट्टी. सकाळी आठला दुधाचे कॅन येतात, दुपारपर्यंत खवा गार करायला थापून ठेवलेला असतो, आणि मधल्या वेळात गावावर एवढा धूर साचतो की देवळाचा कळस दिसत नाही. एखादा धंदा चालतो तेव्हा त्याच्यापायी किती जमीन, किती पाणी, किती झाडं जातात, हे मोजणारी पुण्यात एक संस्था होती. तिनं मला तिथं पाठवलं. मी नुकतीच एम. एस्सी. झालेली, कळंबची मुलगी. आपल्याच भागात नोकरी, म्हणून घरचे खूश होते.

एका भट्टीवाल्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली. मालक पन्नाशीचे, कमी बोलणारे. कढईवर त्यांची बायको बसायची. तिला मी काकू म्हणायचे. पहिल्याच दिवशी पत्र्याच्या शेडच्या अँगलला मी तोलकाटा लटकवला, तेव्हा काकूनं उलथणं थांबवून विचारलं, "काय मोजतीस गं नेमकं?"

"धंद्याची पाऊलखूण, काकू."

"धंद्याला पाय असत्यात व्हय?" असं म्हणून ती एवढी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि दूध तळाला लागलं.

माझ्या रजिस्टरमध्ये तीन रकाने होते. लाकूड कसलं, वजन किती, आलं कुठून. पहिले दोन मी स्वतः भरायचे. तिसऱ्यासाठी मालकांना विचारायचे आणि मालक रोज एकच शब्द सांगायचे, "जवळचंच."

सुरुवातीचे दिवस सगळी वेडी बाभूळ होती. "आमी हीच जाळतो," मालक म्हणायचे. "एक तोडली तर चार उगवत्यात. हिची फिकीर करायची गरज न्हाय." मला ते पटलंही होतं. पुण्याला पाठवलेल्या पहिल्या कागदात मी तसं लिहिलं. मग श्रावण आला, सणांचा खवा सुरू झाला, कढया दोन्ही वेळेला चढायला लागल्या आणि एके सकाळी ट्रॉलीतून चिंचेचे ओंडके उतरले. गाभा काळपट, जड. एक उचलायला दोन माणसं लागली. चार दिवसांनी आंबा आला, मग लिंब, म्हणजे कडुलिंब. मला काही ओंडके साल नसल्यानं ओळखू यायचे नाहीत. काकू जाळावरून सांगायची. "आंब्याचा जाळ मऊ. चिंचंचा कडक, कढई सोसत न्हाय. लिंबाचा धूर डोळ्यात जातो, ह्यो बघ."

मालकांना मी सरळच विचारलं, "ही मोठी झाडं कुठली?"

ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मॅडम, हायवे मोठा केला तवा दोन्ही बाजूची झाडं पडली. चिंचा, लिंबं, आज्याच्या काळातली. लाकूड ठिवायला जागा न्हवती. तवा गावात पाच भट्ट्या होत्या. लाकूड दारात येऊन पडायला लागलं तशा वीस-बावीस झाल्या. मग रस्ता झाला, झाडं सरली. भट्ट्या ऱ्हायल्या."

"मग आता?"

"आता काय. भट्टीला रोज पाहिजेच की."

हे मी पुण्याला कळवलं. तिथल्या सरांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. ते उत्साहात होते. जळतं किती ते तुम्ही मोजलंत, आता उरलंय किती ते मोजा, म्हणाले. गावापासून दहा किलोमीटरच्या आत, जंगलाबाहेर, बांधावर आणि विहिरीवर उभं असलेलं प्रत्येक मोठं झाड. कोणत्या गावात, कोणाच्या शेतात, कसलं, छातीच्या उंचीवर घेर किती. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून त्यावर रंगानं आकडा टाकायचा.

दोन महिने मी तेच केलं. खांद्यावर पिशवी, पिशवीत फीत, पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. ते काम मला आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या मोकळ्या, उघड्या मुलखात लांबून एखादं झाड दिसायचं आणि मी सोयाबीनमधून वाट काढत त्याच्यापर्यंत जायचे. फीत फिरवायची, आकडा टाकायचा, लिहायचं. लोक बांधावर येऊन उभे राहायचे. कोणी फारसं विचारायचं नाही. बायका पदर तोंडाला लावून माझ्या ब्रशकडं बघत राहायच्या. एका गावात सातआठ जण रांगेनं उभे होते आणि मी निघाले तरी ते झाडाकडंच बघत होते. शिकलेल्या मुलीविषयीचा तो आदर आहे असं मी समजले.

यादी पूर्ण झाली तेव्हा ती केवढी लहान आहे हे बघून मला धसका बसला. मी येरमाळ्याला जाऊन तिची झेरॉक्स काढली आणि एक प्रत मालकांना दिली. वाटलं, त्यांना कागदावर दिसलं तर तेही घाबरतील.

"बघा, एवढीच राहिलीत," मी म्हटलं.

त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. शेतकऱ्यांची नावं वाचताना त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. "लई बारीक काम केलंत," ते म्हणाले आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवले.

नंतर मला टायपिंग आणि तक्त्यांसाठी पुण्याला बोलावलं. दिवाळी तिकडंच झाली. परत आले तेव्हा भट्टी जोरात होती. मी तोलकाटा लावला आणि ढिगावरचा पहिला ओंडका ओढला. सालीवर पिवळ्या रंगात माझ्या हातचा एकेचाळीस होता. चार नेहमी थोडा तिरका पडतो माझा. त्याच्या खालचा ओंडका फिरवला, बेचाळीस. तिसऱ्याची साल सोललेली होती, पण कडेला शून्याचा अर्धा गोल राहिला होता.

काकू म्हणाली, "अशी का बसलीस गं? बरं वाटंना का?"

मी वजन केलं. लिहिलं. त्या दिवशी तिसरा रकाना मालकांना विचारावा लागला नाही.

लाकूड आणणारा माणूस दुपारी आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट घालणारा, बोलायला मऊ. स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःची करवत. मला बघून त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरून नमस्कार केला.

"ही झाडं तुम्हाला कशी सापडली?" मी विचारलं.

त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या यादीच्या पानांचे फोटो होते. एकूण एक पान. काही नावांपुढं त्यानं बोटानं लाल रेघ ओढली होती.

"आधी आठ-आठ दिवस हिंडावं लागायचं, मॅडम," तो म्हणाला. "कुठं झाड हाय, कुणाच्या रानात हाय, केवढं हाय, काय पत्ता लागायचा न्हाय. आता सकाळी निघलं की सांजच्या आत ट्रॉली भरून वापस. तुमच्यामुळं लई डिझेल वाचलं माजं."

तो टोमणा मारत नव्हता. मनापासून आभार मानत होता, आणि त्यामुळं मला त्याच्यावर ओरडताही येईना. मी मालकांकडं वळले. ते दूध ओतत होते. "त्यो म्हणला दावा, म्या दावली," ते म्हणाले. "कागदच की त्यो."

"पण लोकांनी दिली कशी? इतकी वर्षं बांधावर उभी असलेली झाडं?"

लाकूडवाला म्हणाला, "त्ये त्यांनाच इचारा. म्या कुणावर जबरदस्ती केली न्हाय. उलट काही जणांनीच निरोप धाडला, आमचं पण घेऊन जा म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन निघाले. पहिल्या गावातली सगळी झाडं गेली होती. बुंधे जमिनीलगत कापलेले, भोवती ओला भुसा, त्यावर मुंग्या. दुसऱ्या गावात दोन उभी होती. तिसरं गाव अगदी डोंगराला लागून. तिथं एका विधवा बाईच्या विहिरीवर चिंच होती, माझ्या यादीतलं सगळ्यात मोठं झाड. मी फीत फिरवत होते तेव्हा त्या बाईनंच दुसरं टोक धरलं होतं आणि जाताना माझ्या पिशवीत गेल्या हंगामातल्या मूठभर चिंचा घातल्या होत्या.

विहीर लांबूनच उघडी दिसली. पाण्यावर थेट ऊन पडलं होतं आणि कडेनं शेवाळ धरायला लागलं होतं. ती बाई गोठ्याच्या सावलीला बसून शेंगा निवडत होती.

"मावशी, चिंच का दिलीत हो?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "का म्हंजी? तूच न्हाय का लंबर टाकून गेलीस?"

"ते मोजायला होतं, मावशी. तोडायला नव्हतं."

"हायवेला बी आदी मोजायलाच आलते," ती म्हणाली. "आमची येक पट्टी रस्त्याला होती. अशीच फीत लावली, असाच रंगानं लंबर टाकला. आमी इचारलं तर म्हणले, नुसतं मोजतोय. पुढच्या उन्हाळ्यात करवत आली. लंबर पडला की झाड गेलं, ह्ये इथल्या लेकरालाबी ठावं हाय. मंग म्हणलं, आपल्या हातानं दिलेलं बरं. निदान फांद्या तरी चुलीला ऱ्हातील."

मी तिच्याशेजारी खाली बसले. तिनं उठून मला तांब्याभर पाणी दिलं.

"तुज्यावर राग न्हाय गं," ती म्हणाली. "तुजं बी पोटच हाय. पण येवढ्या उन्हातान्हात कशापायी हिंडतीस आता? मागं काय उरलंय?"

बाकीची गावंही फिरून बघितली, तेव्हा यादीतली बत्तीस झाडं मागं उरली होती. मी रॉकेल मिळवलं, चिंध्या घेतल्या आणि आकडे पुसायला निघाले. पण लिंबाची साल खडबडीत, रंग भेगांत उतरलेला. चोळलं की आकडा जायचा आणि त्याच्या जागी हाताएवढा पिवळा डाग पसरायचा, आधीपेक्षा लांबून दिसणारा. तिसऱ्या झाडाशी शेताचा मालक आला.

"आता काय चाललंय, मॅडम?"

"चूक झाली होती. हा नंबर रद्द."

"रद्द म्हंजी? आता कुणी न्हेणार न्हाय का?"

त्याच्या आवाजात सुटका नव्हती, काळजी होती. आपलंच झाड मागं राहिलं, उद्या करवत आली की फांद्याही हाती लागणार नाहीत याची. तो फोन काढून बांधावरून चालायला लागला, आणि मला कळलं की मी जिथं जिथं जाते आहे तिथली घाई वाढते आहे. मी डबा बंद केला आणि परत फिरले. पुढच्या आठवड्यात त्या लिंबाचा ओंडका भट्टीवर आला, डागासकट. मी त्याचं वजन केलं.

पुण्याच्या सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यादी बाहेर द्यायला नको होती तुम्ही." ते खरं होतं. मी म्हटलं, मग निदान अहवालात नावं आणि ठिकाणं घालू नका. त्यावर ते म्हणाले, ठिकाणाशिवाय मोजणीला काही किंमत नसते, कोणीही जाऊन पडताळून बघू शकलं पाहिजे. अहवाल निघाला. चांगला होता. एका भट्टीला दरवर्षी किती झाडं लागतात हे पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं होतं. सोबत इंटरनेटवर एक नकाशा होता, सगळ्यांना खुला. प्रत्येक झाडाला एक हिरवा ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की झाडाची जात आणि घेर दिसायचा.

मी नोकरी सोडली. खोली रिकामी करताना काकू म्हणाली, "माप पुरं झालं का तुजं?" मी हो म्हटलं. शेडमध्ये धूर एवढा होता की तिचा चेहरा मला नीट दिसला नाही.

आता मी कळंबला एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारच्या सुट्टीत, अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, वळखलं का?" आवाजातल्या मऊपणावरूनच ओळखलं.

भाच्यानं त्याला तो नकाशा फोनवर काढून दिला होता. त्याची एक अडचण होती. "लई ठिपक्यांवर झाडच न्हाय, मॅडम. म्याच नेलेलं असतंय, कवा दुसऱ्या कुणी. हेलपाटा पडतोय. तेवढं दुरुस्त करून घ्या की."

"मी आता त्या कामात नाही," मी सांगितलं.

"बरं, बरं." तो म्हणाला. मागं कसलं तरी यंत्र चालू होतं, मधेच काहीतरी करकरत तुटल्याचा आवाज यायचा. मला ठेवून द्यायचा होता फोन, पण मी विचारलं, "आता लाकूड कुठून आणता?"

"आता मुळ्या काढतोय," तो म्हणाला. "जेसीबी लावलाय. ज्या झाडांचे बुंधे ऱ्हायले त्येंच्या खाली. चिंचंच्या खाली लई लाकूड असतंय, मॅडम, विहिरीपातूर गेलेलं. विहिरीचा काठ ढासळतो जरा, पण निघतंय."

मी जेवणाचा डबा बंद केला.

"त्ये काय तुमच्या यादीत न्हवतं," तो म्हणाला. मग त्याला कोणीतरी हाक मारली, आणि फोन त्यानंच ठेवला.