रुमालाची उलटी बाजू

सातवीच्या मुलांनी शिवलेले रुमाल तपासायचे म्हणजे आधी ते पालथे घालायचे. वरून काय, कोणीही फसवतं. फुलं, बदकं, एखाद्याचं तर आवडत्या क्रिकेट टीमचं चिन्ह. वनमालाबाई तिकडे बघायच्याच नाहीत. रुमाल उलटा करायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि अंगठा कडेकडेने फिरवत न्यायचा. गाठ लागली की थांबायचं. ‘टाका सुरू करताना गाठ मारायची नाही’ हे बाई पहिल्याच तासाला सांगत, आणि मुलं पहिल्याच तासाला विसरत.

त्या अंगठ्याला सगळं कळायचं. कोणता रुमाल मुलाने शिवलाय, कोणता त्याच्या आईने, आणि कोणता आईलाही जमेना म्हणून शेजारच्या मावशींनी. असा सापडला की बाई त्याला कागद टाचून शेरा लिहायच्या, ‘मावशींना शाबासकी’. मुलगा कानापर्यंत लाल व्हायचा आणि पुढच्या वेळी स्वतः शिवून आणायचा. ते प्रकरण भयंकर असायचं. एकदा तर रुमाल अंगातल्या शर्टालाच शिवून आला होता. बाई त्या दिवशी स्टाफरूममध्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

मुलुंड पूर्वेच्या त्या शाळेत कार्यानुभवाला कोणी विषय मानत नसे. गणिताच्या सरांना ज्यादा तास हवा झाला की बाईंचाच जायचा. तरी रुमालांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलं की बाईंचा दिवस बरा जायचा. माणसाला याहून जास्त काय लागतं, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

हे सगळं आजारपणाच्या आधीचं. मग गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले ते परत आले, उलट आधीपेक्षा कुरळे आले. बोटांच्या टोकांची जाणीव गेली ती मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा नाहीही येणार. डॉक्टरांना दोन्ही उत्तरांना मार्क मिळतात.

बाईंना त्याचं वाईटही वाटलं नाही, हीच खरी अडचण होती. लोक भेटायला आले, ‘सुटलात हो एकदाच्या!’ म्हणाले, तेव्हा बाई हसायच्या जागी हसल्या. शाळेत परतल्या त्या दिवशी मुलांनी फळाभर रंगीत खडूंनी स्वागत लिहून ठेवलं होतं. बाईंनी ‘छान’ म्हटलं, फळा पुसला आणि तारीख घातली. आत काही हललं नाही. बोटांतलं बधिरपण चढत चढत आत कुठवर गेलंय, हे तपासायचं मशीन कोणत्या हॉस्पिटलात आहे कोण जाणे.

घरी, भांडुपला, एका संध्याकाळी त्यांनी गॅसवरचं चहाचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि शांतपणे गाळायला घेतलं. यजमान बाळा समोरच बसले होते. मूळचे मालवणकडचे, रागावले की गावच्या बोलीत शिरायचे.

“अगो, चिमटो खंय? हात भाजले तुझे!”

“नाही भाजले.”

“बोटां लाल झाली, आणि नाय म्हणतस? तुका कळणां नाय?”

“कळतं हो,” बाई म्हणाल्या आणि कप पुढे सरकवला. बाळांनी चहा प्यायला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र चहा तेच करू लागले. तो वाईट असायचा. बाईंना तेही फारसं जाणवलं नाही.

शाळेत त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पण मुख्याध्यापिका कुंदा मॅडमची नजर होतीच.

“वनमालाबाई, तुम्ही आता लायब्ररी घ्या ना. निवांत काम. शिवणाचा विषय दुसऱ्या कोणाला देऊ.”

आता लायब्ररी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे वाचकांपेक्षा झुरळं नियमित यायची.

“मला जमतंय, मॅडम.”

“जमतंय ना? मग ठीक. या वेळचे रुमाल तुम्हीच तपासा. एकाही पालकाची तक्रार आली नाही तर विषय तुमच्याकडेच. आली, तर मग हट्ट करायचा नाही हं.”

बाई हो म्हणाल्या. लायब्ररीची त्यांना भीती वाटली असं नाही; भीतीही हल्ली वाटत नव्हती. पण रुमाल गेले तर आपल्यात काही परत यायला वाटच उरणार नाही, इतकं त्यांना थंडपणे कळत होतं.

गठ्ठा आला. बाईंनी पहिला रुमाल पालथा घातला, डोळे अर्धे मिटले, अंगठा फिरवला. काही नाही. काचेवरून फिरवावा तसा. दुसरा, तिसरा, तेच. मग डोळे ताणून बघितलं, पण आयुष्यभर अंगठ्याने बघितलेल्या माणसाला डोळ्यांचा भरवसा वाटेना. शेवटी बाईंनी तोच मार्ग धरला जो आपल्याकडे थकलेले सगळेच मास्तर धरतात. कोणाला सहा, कोणाला सात. ना कोणी खूश, ना कोणी भांडायला येणार.

भांडायला आली लता.

शाळा सुटल्यावर बाई शिवणाच्या खोलीत एकट्या होत्या. लता ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सातवीतल्या प्रांजलची आई. दार न वाजवता आत शिरायची सवय तिची तेव्हाचीच.

“बाई, सहा? दहापैकी सहा?”

“मग?”

“मग काय मग! बघा तरी, कशाला दिलेत ते!” तिने टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक रुमाल उपसून बाईंपुढे टाकला. जरा पिवळट पडलेला, कोपऱ्यात लाल जास्वंद.

बाईंनी तो हातात घेतला. “हा प्रांजलने शिवलाय?”

“नाही.”

“तू?”

“मी? बाई, मला सुईत दोरा ओवता येत नाही, तुम्हीच सगळ्या वर्गात सांगायचात.”

“मग कोणी?”

“तुम्ही!”

बाईंनी जास्वंद डोळ्यांजवळ नेली. त्या नव्यानेच शिकवायला लागल्या तेव्हा वर्गात दाखवायला त्यांनी एक नमुना शिवला होता. लताने तो बघायला म्हणून घरी नेला होता, तो बघून व्हायला इतकी वर्षं लागली.

“काय करू, बाई? पोरीला वेळच नव्हता. क्लास, मग क्लासची टेस्ट, जाम वाट लागली होती. कपाटात हा मिळाला. म्हटलं, बाईंचा रुमाल, बाईच तपासणार, दहा कुठे जातायत!”

“चोरी ती चोरी, आणि वर मार्कांसाठी भांडायला आलीस?”

“मार्कांचं जाऊ दे.” लताचा आवाज एकदम उतरला. ती समोरच्या बाकावर बसली. “बाई, तुमचा हात तुम्हाला कळला नाही. आमच्या वेळी तुम्ही न बघता सांगायचात, हा तुझ्या आत्याने शिवलाय म्हणून. काय झालंय तुम्हाला?”

“बोटांना कळत नाही,” बाई म्हणाल्या. वर्गात हजेरी घ्यावी अशा आवाजात. “औषधांनी गेलं ते.”

“कुंदा मॅडमना सांगितलंत?”

“सांगितलं की लायब्ररी. आणि तुझी तक्रार गेली तरी लायब्ररी.”

लताने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरले. बाईंनाही वाटलं, आता आपणही रडायला हवं, प्रसंगच तसा आहे. पण आलं काय, तर घाम. पंखा बंद होता. हातात होता त्याच रुमालाने त्यांनी चेहरा पुसला.

गालाला काहीतरी बोचलं.

बाई थांबल्या. रुमाल पुन्हा गालावरून हळूच ओढला. बोचलं. त्यांनी कोपरा उलटून खिडकीकडे धरला. जास्वंदीच्या मागे, पाकळीच्या दोऱ्यांत लपवलेली, बारीक, कडक.

“लता, गाठ आहे गं.”

“कुठे?”

“माझ्या रुमालाला. मीच मारलेली.” वर्गाला बजावण्याच्या आधी बाईंनी स्वतःच मारून लपवलेली गाठ, आजवर कोणाला सापडली नव्हती. “म्हणजे सहाच बरोबर आहेत.”

“आणि प्रांजल?”

“प्रांजलला शून्य. सोमवारी स्वतः शिवून आणू दे. कसाही आणू दे.”

मग बाईंनी गठ्ठा पुढे ओढला, वरचा रुमाल पालथा केला आणि गालाला लावला.

“बाई, कोणी बघितलं तर?” लता डोळे पुसत हसायला लागली.

“दार लोट.”

लता उठेपर्यंत उशीर झाला होता. दारात कुंदा मॅडम. त्यांना दिसलं ते इतकंच की एक बाई डोळे मिटून गालाशी रुमाल धरून बसल्यात आणि दुसरी डोळे पुसतेय.

“अहो, रडताय का?”

“नाही, तपासतेय,” वनमालाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. मग रुमाल खाली ठेवून सगळं सांगून टाकलं. बोटं, सरसकट दिलेले सहा-सात, आणि आत्ता सापडलेला गाल. “गठ्ठा मी पुन्हा तपासणार आहे. तक्रार झालीच आहे. आता तुम्ही ठरवा.”

मॅडमनी लताकडे बघितलं. “कसली तक्रार?”

“माझी? छे!” लता म्हणाली. “मी बाईंचा रुमाल परत करायला आले होते.”

मॅडमनी गठ्ठ्यातला एक रुमाल उचलला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच गालाला लावला. “मला तर काही कळत नाही बाई.”

“तुम्ही गणिताच्या.”

मॅडमनी रुमाल घडी करून जागेवर ठेवला. “पुन्हा तपासलेले मार्क बुधवारपर्यंत द्या,” म्हणाल्या आणि गेल्या. लायब्ररीचं नाव त्यांनी काढलं नाही, ते पुढेही कधी काढलं नाही.

शाळेत बोभाटा झालाच. वनमालाबाई रुमालांचे मुके घेतात, असं पाचवीतली मुलंसुद्धा सांगायला लागली. बाईंनी त्यावर एकच सुधारणा केली. रुमाल धुऊन आणायचे, नाहीतर मार्क कापणार.

सोमवारी प्रांजलचा रुमाल आला. त्यावर मासा होता की विमान, हे प्रांजललाही नीट सांगता येईना. उलट्या बाजूला नुसत्या गाठी. बाईंनी तो गालावरून एका कडेने नेला, दुसऱ्या कडेने आणला. चार मार्क दिले. तपासून झालं होतं, तरी एकदा पुन्हा फिरवला.

आनंद झाला असं काही म्हणता येणार नाही. घरी गेल्या, बाळांनी केलेला चहा समोर आला. तो वाईट आहे हे आज पहिल्या घोटालाच कळलं.

“गालाक काय झाला गो?” बाळांनी विचारलं. “लाल दिसता.”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “साखर घाला जरा. सातवीचे रुमाल होते.”