पाटल्या विकून आणलेलं हत्यार

महागडी हत्यारं घ्यावीत की नाही, यावर परवा आमच्या अंगणात वाद रंगला. माझा भाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याला सोल्डरिंगचं परदेशी हत्यार हवंय आणि त्याच्या बायकोला तो खर्च डोळ्यांत खुपतोय. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, खुशाल घे. माझ्याही संसारात असलं एक हत्यार आलं होतं आणि त्यात तसूभर खोट नव्हती. खोट नवऱ्यात होती.

त्याला अहो-जाहो करणं मी केव्हाच सोडलंय.

साठ सालाच्या पुढेमागे आमचं लग्न झालं तेव्हा तो मुंबईत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. मालकाशी भांडून गावी परतला, तो डोक्यात एकच खूळ घेऊन. म्हणे, हात सगळ्यांचे सारखेच, फरक पडतो तो हत्याराने. मालकाकडे जर्मन बनावटीचं हत्यार होतं, विजेवर तापणारं, पेन्सिलीसारख्या टोकाचं. तसं आपल्याकडे आलं की महाडला आपलं दुकान आणि दुकानामागे आपलं बिऱ्हाड. बिऱ्हाड हा शब्द ऐकला आणि मी आईने घातलेल्या पाटल्या उतरवून दिल्या. जबरदस्ती कुणी केली नाही. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या त्या वाडीत सासूच्या हाताखाली जन्म काढण्यापेक्षा मी दातसुद्धा उपटून दिले असते. सासू मला कधी नावाने हाक मारत नसे. ती ‘ए’ म्हणाली की मी उठायची, ‘हाड’ म्हणाली की कुत्रा उठायचा, आणि पुष्कळदा आम्ही दोघंही उठायचो.

मुंबईहून पेटी आली. मखमलीच्या खाचांत हत्यार, पकडी, बारीक पेचकस, सगळं नवरीसारखं निजवलेलं. वाडीत वीज नव्हती, त्यामुळे ते चालताना कुणाला दिसलं नाही. तो नुसती पेटी उघडून दाखवायचा आणि कुणी हात पुढे केला की झाकण आपटायचा. एकदा त्यात माझी बोटं सापडली. नखं काळीनिळी झाली. त्याने आधी झाकण तपासलं.

महाडात एका घड्याळजीच्या ओटीवर त्याने टेबल मांडलं आणि तिथेच माळ्यावर झोपू लागला. सासूने मला एकदा तांदळाचं पीठ आणि सुकी मासळी पोचवायला पाठवलं, तेव्हा मी त्याचं काम पाहिलं. एका वकिलाचा मुका पडलेला रेडिओ त्याने माझ्यादेखत बोलता केला. टोक टेकवलं, धुराची रेघ उठली, आणि आतून बाई गायला लागली. माझ्या पाटल्या सत्कारणी लागल्या असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तर मनात चूलसुद्धा मांडून टाकली.

पण महाडात रेडिओ असून असून किती असणार? समोरच एक झाळकाम करणारा बसायचा. कोळशाच्या शेगडीत तांब्याचा ठोकळा तापवायचा आणि गळकी भांडी बुजवायचा. लोकांच्या लेखी झाळ ती झाळ. त्याच्याकडे गर्दी झाली की माणसं हंडे, स्टोव्ह घेऊन आमच्या टेबलाशी यायची. मी गेले त्या दिवशी तुडील गावची एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली.

“बाबा, एवढं भोक बुजव. समोर लय गर्दी हाय.”

“म्हातारे, ह्ये जर्मनीचं हाय. हंड्याला कशाला, तुज्याच तोंडाला लावतो. निदान बडबड तरी थांबंल.”

ओटीवरचे सगळे खिदळले. ते बारीक टोक एवढा हंडा तापवूच शकलं नसतं. एवढंच सरळ सांगायचं होतं. म्हातारी हंडा उचलून निघून गेली. तिची लेक आमच्याच वाडीत दिलेली होती, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं. मी बिऱ्हाडाचं विचारलं तर म्हणाला, “आदी नाव तर होऊंदे.”

नाव शिमग्याला झालं. शिमग्यात आमच्याकडे दारोदार सोंगं नाचतात, नाव घेऊन बोंब मारतात, आणि ज्याच्या नावाने मारतात त्याने हसायचं असतं. रागावला तो संपला, त्याला पुढच्या शिमग्यापर्यंत सोडत नाहीत. नवरा सणाला वाडीत आला होता. पालखीपाठोपाठ सोंग आलं ते त्याचंच. एकाने हत्यार म्हणून काजळलेली पळी हातात धरलेली, पळीला वायर म्हणून सुंभ बांधलेला, आणि सुंभाचं टोक खोचायला तो वीज शोधत फिरत होता. मेढीच्या लाकडात खोचून पाहिलं, गडग्याच्या दगडांत खोचून पाहिलं, बैलाच्या शेपटीखालीसुद्धा पाहिलं. इथवर मीही हसले. मग लुगडं नेसलेला दुसरा पुढे आला. ती मी होते. माझ्या हातात निदान काचेच्या बांगड्या तरी होत्या, सोंगाचे हात मात्र कोपरापर्यंत मोकळे. सवाष्णीचे मोकळे हात वर करून ते रडायला लागलं, “माज्या पाटल्या जळल्या गो!”

सगळ्यांत मोठ्याने सासू हसली. तिने सोंगाला पोस्त म्हणून नारळ दिला आणि रडणं पुन्हा करून दाखवायला लावलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पोट धरून हसत होता. माझ्या तोंडावरची रेघ हलली नाही.

सोंग पुढच्या दारी गेल्यावर त्याने मला आत ओढलं. “हसाया काय झालं व्हतं तुला? आता वरीसभर माजी शोभा करतील.” पाटल्यांबद्दल, मोकळ्या हातांबद्दल एक शब्द नाही. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, झोंबलेल्या मिरचीसारखा.

पालखी देवळात गेली आणि त्याने मुंबईला परतायचं ठरवलं. वाटेत धक्का लागू नये म्हणून पेटी माझ्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळली. पोलादपूरच्या थांब्यापर्यंत ती माझ्याच डोक्यावर होती. गाडी आली तेव्हा मी लाज सोडून म्हटलं, “मला पन न्या. कुटं बी पडून ऱ्हाईन.”

“यष्टीत दोन-दोन चीजा नाय सांभाळता येत गो,” तो म्हणाला, आणि पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसला.