मागच्या अंगणातला नळ

मैत्रिणींनो, थंडी सरली की मी घरचे सगळे नळ तपासून घेते. नागपूरच्या उन्हाळ्यात गळती परवडत नाही. आजही प्लंबर बोलावला.

मागच्या अंगणातला नळ मात्र सत्तरच्या दशकापासून बंद होता. आमची लहानगी सुधा दिवसभर तिथे पाण्यात खेळायची. ती तापाने गेली आणि यांनी त्याचा व्हॉल्व्ह पान्याने आवळून टाकला. आता हेही नाहीत. भिंत ओली होऊ लागली, म्हणून आज तो उघडावाच लागला.

आधी तांबूस, मग स्वच्छ पाणी धो धो पडू लागलं. आवाज ऐकून मी स्वयंपाकघरातून दरडावलं, “सुधे, नळ बंद कर.”

प्लंबर दारात आला. “कोणाले म्हणून राहिल्या, काकू? काढूनच टाकू का हा नळ?”

उद्या सांगते म्हटलं. तुम्ही काय सांगितलं असतं?