अक्कांचा अंगठा

माझ्या घाण्यावर आलेलं नवं गिऱ्हाईक बाटली उचलण्याआधी माझ्या हातांकडे बघतं. मीही ते मुद्दाम काउंटरवर पसरून ठेवते. तेल विकणाऱ्या बाईचे हात खरखरीत असतील, तर तिच्या तेलावर कोणी का विश्वास ठेवावा?

सोनगीरपासून थोडं आत आमचं गाव आहे. गावात शिरतानाच पत्र्याची शेड लागते आणि तिच्यात विजेवर फिरणारा लाकडी घाणा. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस, एरंडी, हंगामात जे चांगलं मिळेल ते मी गाळते. खायचं तेल गावातच संपतं. अंगाला आणि केसांना लावायच्या लहान बाटल्या धुळ्याला जातात, आणि हल्ली फोनवरून मागवणाऱ्याही पुष्कळ आहेत. या बायांशी माझं रोज भांडण होतं. तेल दोन दिवस निवळू द्यायचं असतं, यांना आजच हवं. एकीला तेलाला वास नको असतो, दुसरीला गुलाबाचा हवा असतो. तिळाच्या तेलाला तिळाचा वास येणार, बाई, त्यात माझा काय दोष? केस गुडघ्यापर्यंत येतील का, असं कोणी विचारलं की मी स्पष्ट सांगते, येणार नाहीत. आहेत ते तुटायचे थांबतील, कोरडेपणा जाईल, तेवढं घ्यायचं असेल तर घ्या. बहुतेक जणी घेतात.

तेलाचं मला कळतं, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगते. तिळाचं तेल कातडीत मुरतं, एरंडेल जाड, ते वरच बसून राहतं. म्हणून एरंडेल नेहमी तिळाच्या सोबतीने द्यायचं. माका असो की कडुलिंब, नुसता डोक्यावर थापून काही होत नाही. तेलात मंद आचेवर उकळला म्हणजे तेल त्याला आपल्यासोबत आत घेऊन जातं. हे मी माहेरून शिकून आले. माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं. केळीचा चीक हाताला लागला की काळा डाग पडतो आणि तो साबणाला दाद देत नाही. म्हणून आमच्याकडे घड कापायला निघालेला माणूस आधी हातांना तेल चोपडतो आणि मगच विळा उचलतो. आधी तेल, मग काम, हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं आहे की त्यापायी एकदा माझी भर चौकात फजिती झाली.

गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे. त्यांना अख्खं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणते. रेशन कार्डावरच्या प्रत्येक माणसाने दुकानात जाऊन मशीनवर अंगठा लावायचा, नाहीतर नाव कटेल, असा निरोप आला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. मुदत संक्रांतीपर्यंत होती. आम्ही तिघं गेलो. नवऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला आणि तो बाजूला उभा राहून रुबाबात चहा प्यायला लागला. मग अक्का पुढे झाल्या.

लाल दिवा लागला. दुकानदार भाऊ म्हणाला, परत लावा. परत लाल. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. सगळीकडे लाल. भाऊने अक्कांचा हात उजेडात धरून पाहिला आणि हळूच म्हणाला, "अक्का, रेघाच नही शेतस."

खरंच नव्हत्या. आयुष्यभर राखेने भांडी घासलेली, चुलीच्या तव्यावर भाकरी उलटलेली, शेण सारवलेलं, कापूस वेचताना बोंडांची वाळलेली टोकं बोटांत शिरलेली. अंगठ्याचं टोक घासून गुळगुळीत झालं होतं आणि कडेने भेगा पडल्या होत्या. मी त्या घरात इतकी वर्षं आहे, पण त्यांचा हात असा उलटा करून कधी पाहिलाच नव्हता.

अक्का मात्र चिडल्या. "मी आठे उभी शे, आनि हाऊ डबा सांगस मी नही!"

त्यांच्या चिडण्याला कारण होतं. सही करता यावी म्हणून त्या तरुणपणी गावातल्या साक्षरता वर्गात जायच्या. दिवसभर वावरात राबून संध्याकाळी पाटी घेऊन बसायच्या, बायका हसायच्या तरी बसायच्या. त्यांची सही मोठी आणि नीट आहे, वरची रेघ त्या शेवटी अशी ओढतात की कागद संपेल असं वाटतं. बँकेत कोणी शाईचं पॅड पुढे केलं तर त्यांना अपमान वाटतो. दुकानातून परत येताना त्या म्हणाल्या, "सही येत नव्हती तवय अंगठा व्हता. सही शिकनी, ते आते अंगठा मांगतस."

भाऊ माणूस चांगला आहे. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, तसं करून बघू, असं त्याने आम्ही निघतानाच सुचवलं होतं. अक्कांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "तोंड कसाले दखाडू? हातसनी काम करं, तोंडनी नही." आणि मला तर तिथेच जोर चढला. रांगेतल्या सगळ्यांच्या देखत मी जाहीर केलं की अक्कांचा अंगठा मी माझ्या तेलाने लावून दाखवेन, आणि तोपर्यंत माझाही लावणार नाही. नवरा चहाचा कप घेऊन माझ्याकडे बघतच राहिला.

आठवडाभर रोज संध्याकाळी तिळाच्या तेलात थोडं एरंडेल घालून त्यांची बोटं चोळली. भेगा जरा मऊ पडल्या. मला वाटलं, जमलं. आठव्या दिवशी सकाळी निघताना, केळी कापायला निघावं तसं, त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना मी भरपूर तेल चोपडलं आणि त्यांना दुकानात नेलं. अंगठा काचेवरून असा सरकला की अक्काच तोल जाऊन पुढे झुकल्या. काच माखली. भाऊने ती खिशातल्या रुमालाने पुसली, मग रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, हाई मशीन शे, कढई नही."

रांग हसली. अक्काही हसल्या, तेच मला जास्त लागलं. माझं तेल चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. तेल कातडीला द्यायचं आणि मुरायला सवड द्यायची, हे मी रोज गिऱ्हाइकांना ओरडून सांगते. घरी येऊन मी नीट विचार केला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रोज संध्याकाळी मी तेल चोळत होते आणि रोज सकाळी अक्का ते राखेने घासून काढत होत्या. असं जन्मभर चोळलं तरी रेघा उमटल्या नसत्या.

मी नवऱ्याला सांगितलं, संक्रांतीपर्यंत अक्का राखेला हात लावणार नाहीत. वावरात नाही, चुलीपाशी नाही, गोठ्यात नाही. तो म्हणाला, तू त्यांना बसवून दाखवच. त्याचं बरोबर होतं. रिकामं बसायला सांगितलं की अक्कांना ताप येतो. म्हणून मी त्यांना बसवलंच नाही, माझ्या जागी पाठवलं. त्यांनी घाणा सांभाळायचा, मी घर, गोठा आणि कापसाची वेचणी. वेचणीला मजूर मिळत नव्हते, अक्कांची ओळ कोणाला तरी धरायचीच होती.

घाण्यावरचे त्यांचे दिवस गावात अजून सांगितले जातात. दिवसभर तेल गाळून बाटल्या भरायच्या, त्यामुळे त्यांचे हात आपोआप तेलात असायचे. संध्याकाळी चोळून झालं की मी सासरी गेलेल्या माझ्या मुलीचे शाळेचे जुने सुती मोजे त्यांच्या हातांत घालायचे, तेल अंथरुणाला पुसलं जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी ते हात समोर धरून पाहिले आणि विचारलं, आता चालायचं कशाने? गिऱ्हाइकांना तर त्या माझ्याहून वरचढ निघाल्या. धुळ्याहून गाडी करून आलेल्या एका बाईने विचारलं, या तेलाने केस दाट होतील ना? अक्कांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, वाकून आपला विरळ भांग तिच्यापुढे केला आणि म्हणाल्या, "मना देख." बाई हसत सुटली आणि जाताना तीन बाटल्या घेऊन गेली.

इकडे माझी वरात निघाली होती. अक्कांना साबणाची भांडी चालत नाहीत, राखच लागते, आणि घाण्यावरून आल्या की त्या पातेली उजेडात धरून बघायच्या. "राख कमी पडनी," म्हणायच्या, की मी पुन्हा घासायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना पीठ तळव्यांना चिकटून सुकायचं. वेचणीत पहिल्या दिवशी मी मोठ्या दिमाखात ओळ धरली. दुपारपर्यंत बोटांना किती टोचलं ते मोजायचं सोडून दिलं. थंडी कोरडी पडलेली. रात्री इतकी दमलेली असायचे की अक्कांच्या हातांना तेल लावून झालं की ताट पुढे ओढायचे, आणि माझ्या हातांची मला आठवणही व्हायची नाही. पण अक्कांच्या अंगठ्यावर एक एक रेघ उगवताना मी बघत होते. आधी कडेला, मग मधे. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन दाखवायचे आणि त्या म्हणायच्या, हो, हो, दिसतंय. त्यांना काही दिसत नव्हतं, मला बरं वाटावं म्हणून म्हणायच्या.

संक्रांत तोंडावर आली. या वेळी आदल्या संध्याकाळपासून तेल बंद. सकाळी कोमट पाण्याने हात धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. दुकानात रांग होती आणि रांगेला सगळं आठवत होतं. भाऊने खिशातला रुमाल काढून आधीच मांडीवर ठेवला. अक्का पुढे झाल्या, पदर खोचला, अंगठा काचेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

हिरवा दिवा लागला.

"लागना, अक्का!" भाऊच ओरडला. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी डोळे उघडले, मशीनकडे मान हलवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी शे." मी सगळ्यांकडे वळून म्हणाले, बघितलं ना, तेल काय असतं? आणि मोठ्या तोऱ्यात माझा अंगठा काचेवर ठेवला.

लाल.

भाऊ म्हणाला, "वहिनी, तेल लाईसन उन्यात का परत?" मी हात पुढे केला. तेलाचा थेंब नव्हता. पुन्हा लाल. दुसरं बोट, डावा हात, लाल. तेव्हा कुठे मी माझ्या हातांकडे पाहिलं. काउंटरवर पसरून ठेवायचे ते हात. नखांच्या कडेला राख मुरलेली, बोटांची टोकं टोचून टोचून सोललेली, अंगठ्यावर आडवी भेग. हे एवढ्याशा दिवसांत झालं होतं. अक्कांनी हे आयुष्यभर केलं आणि आमच्यापैकी कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण भांडी नेहमी लखलखीत असायची. रांग या वेळी हसली नाही. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

अक्कांनी माझा हात आपल्या हातात घेतला. त्यांचा हात माझ्याहून मऊ होता, ते दोघींनाही एकदमच जाणवलं. त्यांनी माझा अंगठा उजेडात धरला, मी त्यांचा धरायचे तसाच, आणि म्हणाल्या, "मोजे घरमा शेतस. तुले व्हतीन. आते तू घाणावर बस."

"आणि तुम्ही परत राखेत हात घालणार? पुन्हा अंगठा लावायला बोलावलं म्हणजे?"

भाऊनेही मान डोलावली. मुदत थोडी वाढली आहे, पण कधी पुन्हा बोलावतील सांगता येत नाही, असं म्हणाला. अक्का मागे वळल्या. मागे त्यांचा मुलगा, माझा नवरा, धान्याची पिशवी खांद्याला लावून दर वेळेसारखा चहा पीत उभा होता.

"राख कोठे ठेवतस, तुले माहीत शे का?"

तो गोंधळला. "कसानी राख?"

"तुना अंगठा ते लागी गया ना?" अक्का म्हणाल्या. "आते तुनी पाळी."

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदाच स्वतःचा अंगठा निरखून पाहिला.