शेजाराला खिडक्या नसतात

माझ्या मामाने आयुष्यभर टॉवर उभे केले, पण ते सगळे टेबलावर मावायचे. साठ मजल्यांची इमारत त्याच्या कमरेएवढी. जगात कुठेही नवा टॉवर उठायचा असला की पाया खणायच्या आधी त्याचं छोटं मॉडेल करतात, गुंतवणूकदारांना दाखवायला आणि पुढे फ्लॅट विकायला. मामा ती मॉडेलं करायचा. आई नव्या शेजारणीला मुद्दाम सांगायची, "माझा भाऊ मॉडेलिंगमध्ये आहे." मग मामाचं टक्कल आणि त्यामागून पोट दारातून आत आलं की त्या बाईचं तोंड बघत बसायची.

त्याच्या धंद्यातला एक नियम त्यानेच आम्हाला जेवताना हसतहसत सांगितला होता. विकायची इमारत अगदी हुबेहूब करायची. बाल्कन्या, कठडे, गच्चीवरची झाडंसुद्धा. आजूबाजूची जुनी घरं मात्र नुसते पांढरे ठोकळे. त्यांना दार नाही, खिडकी नाही, रंग नाही. कारखान्यात त्या ठोकळ्यांना 'शेजार' म्हणत. "आमचा मालक म्हणतो, शेजाराला खिडक्या नसतात. गिऱ्हाइकाची नजर तिकडे जाता कामा नये." आई म्हणाली, "बरंय की. पडदे धुवायला नकोत." आम्ही पोट धरून हसलो होतो. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

आई रफू करायची. साधं ठिगळ नव्हे. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढायचे आणि भोकावर पुन्हा कापड विणायचं, असं की घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. लांबलांबून लोक शाली, सूट, लग्नातले कपडे घेऊन यायचे. या कामाला दिवसाचा उजेड लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत एकच मोठी खिडकी. तिच्याखाली आईचं टेबल, आणि त्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तरी ती फाडून खायची. "दिव्याखाली रंग खोटं बोलतात," असं ती म्हणायची. काळ्यावर काळं रफू सगळ्यात अवघड. काळ्यातही निळसर असतो, तपकिरी असतो, धुऊन विटलेला असतो. ते दिव्याला कळत नाही.

बाबांचा लोकरीचा कोट काळाच होता. खिळ्यात अडकून त्याची बाही कोपराशी फाटली होती. आई दर वर्षी म्हणायची, "हे एवढं काम संपलं की तुमचा कोट." बाबा कोपर वर करून पाहुण्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा बघा." ते गेले तेव्हाही बाही तशीच होती. कोट दारामागे टांगलेला राहिला. आईने गिऱ्हाइकांची कामं चालूच ठेवली. घर त्यावरच चालत होतं, आणि कोट कुठे पळून चाललाय, असं तिला वाटत होतं.

मग पलीकडच्या कोपऱ्यावर पत्रे ठोकले गेले आणि टॉवर येणार असल्याची पाटी लागली. आमच्या गल्लीत अशा विषयावर तज्ज्ञांना तोटा नाही. सगळ्यांनी बोट दाखवून सांगितलं की जागा तिरकी आहे, सावली पडली तर दुकानांवर पडेल. आईचा कुणावर विश्वास नव्हता. तिने मामाला विचारलं. तो तेव्हा आमच्याकडेच जेवायला बसला होता.

"तुझ्याच कारखान्यात केलंय म्हणे याचं मॉडेल. खरं सांग, आपला उजेड राहील ना रे?"

मामाने पाण्याचा पेला उचलला, सगळा रिकामा केला आणि मग म्हणाला, "काही होत नाही ताई. एवढी कोपऱ्यावरची जागा. तू कशाला काळजी करतेस?"

आईची काळजी तिथेच मिटली. भाऊ म्हणाला म्हणजे झालं.

टॉवर चढायला पुढे काही वर्षं लागली. खालच्या मजल्यांना काचा बसेपर्यंत आमचा उजेड शाबूत होता, म्हणून आम्हीही निर्धास्त होतो. मग वरचे मजले चढले आणि एका थंडीत दुपारचं ऊन टेबलावर आलंच नाही. पुढच्या ऋतूत थोडं आलं, तेही काचेवरून परतून, डोळ्यांत खुपणारं. आईने दिवा घेतला, मग दुसरा घेतला. रंग जुळवायला कपडा घेऊन तीन मजले उतरायची, रस्त्यावर धागा लावून बघायची आणि पुन्हा चढायची. दोन वर्षं तिने दिव्याखाली डोळे फोडले. शेवटी एका माणसाच्या काळ्या सुटावर तिने निळसर धागा विणला. तो माणूस भला होता, काही बोलला नाही. पण उन्हात धरल्यावर ते आईलाच दिसलं. त्यानंतर ती फक्त बटणं लावून द्यायची. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि सांगितलं की बारीक काम आता विसरा, उजेड कितीही असला तरी.

ती घरात गप्प बसलेली मला बघवेना. म्हटलं, कुठेतरी घेऊन जावं. टॉवरच्या तळाशी सेल्स ऑफिस होतं आणि मामाने केलेलं मॉडेल अजून तिथेच होतं. भावाची करामत तरी बघेल. मामाच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, "काय बघायचंय त्यात? पुठ्ठा आणि प्लास्टिक." मला वाटलं, लाजतोय.

मॉडेल सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? बाल्कनीतल्या खुर्च्यासुद्धा दिसत होत्या. टाय लावलेल्या विक्रेत्याला आम्ही फ्लॅट घेणाऱ्या बायका वाटलो असू. त्याने उत्साहाने एक बटण दाबलं. वरच्या कमानीवरून एक दिवा सूर्यासारखा सरकू लागला. "बघा, आमच्या प्रत्येक फ्लॅटला दिवसभर ऊन."

आई टॉवरकडे बघतच नव्हती. ती खाली पांढऱ्या ठोकळ्यांमध्ये बोटाने वाट काढत होती. ही दुकानं, हे वळण, हे आपलं. तिचं बोट थांबलं. काडेपेटीएवढ्या त्या ठोकळ्याला तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, नीट कापलेली. साऱ्या शेजारात तेवढी एकच. मालकाच्या नजरेतून ती कशी सुटली कोण जाणे.

दिवा पुढे सरकला. टॉवरची सावली दुकानांवरून आली आणि त्या खिडकीवर चढली. मग दिवा कमानीच्या पार टोकाला जाईपर्यंत ती हलली नाही. आईने विक्रेत्याला ते बटण पुन्हा दाबायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. "छान आहे हो," असं त्याला म्हणून ती बाहेर पडली.

मामा आला तेव्हा आईने त्याला आधी चहा दिला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मामा भिडस्त माणूस, पण आता खोटं बोलला नाही. "दिवा बसवला त्या दिवशीच दिसलं. पुन्हापुन्हा फिरवून बघितलं, ताई. सावली काही हलेना. कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद होती. आणि तुला सांगून काय होणार होतं? टॉवर काय थांबणार होता? तुझा जीव मात्र टांगणीला लागला असता. म्हणून नाही बोललो. निदान खिडकी तरी असू दे म्हटलं."

मला वाटलं, आता आई भडकणार. मी तर तयारच होते, चार शब्द माझ्याही तोंडाशी आले होते. आईने हाताने मला गप्प केलं.

"टॉवर मी कशाला अडवला असता रे?" ती म्हणाली. "माझ्याच्याने अडणार होता का तो? पण तू एवढंच सांगितलं असतंस की उजेड जाणार आहे, तर मी ह्यांचा कोट आधी घेतला असता."

मामा उठून दारामागचा कोट काढायला गेला. म्हणाला, गावात दुसरं कुणी असेल रफू करणारं, मी शोधतो, हवं तिथे घेऊन जातो. आई म्हणाली, "राहू दे. दुसऱ्या कुणाचा हात लावायचा असता, तर ते असतानाच नसता का लावला?"

मामाने कोट पुन्हा टांगला. टांगताना फाटकी बाही त्याने आतल्या बाजूला वळवली.

अजूनही तो दर आठवड्याला येतो. खिडकीकडे तोंड करून बसतो. समोर टॉवर दिसतो, त्याचं त्याला काही वाटत नाही. दाराकडे मात्र तो बघत नाही, आणि निघताना मान खाली घालूनच बाहेर पडतो.