ज्या खोलीत मी झोपलोच नाही

त्या खोलीचा विषय निघाला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मित्र म्हणतात, सोडून दे. कसं सोडू?

मी महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर. पोरगी बारावीला होती त्या वर्षी कंपनीनं मला वर्षभरासाठी कशेडी घाटापलीकडच्या दुसऱ्या कंपनीत पाठवलं. प्रतिनियुक्ती म्हणे. पगार महाडचा, काम त्यांचं. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजरनं चहा पाजला आणि गेस्ट हाऊसच्या खोलीची चावी हातात ठेवली.

मला खोली नकोच होती. पोलादपूरला घरी आई अंथरुणाला खिळलेली, बायको जाऊन वर्षं झालेली. कॉलेजातून आल्यावर आजीचं सगळं पोरगीच करायची. संध्याकाळी मी मोटारसायकलवरून घाटातल्या बोगद्यातून घरी आलो की तिला पुस्तक उघडता यायचं. पण आपल्याकडं पाहुणा म्हणून कुणी मान दिला तर तोंडावर नको म्हणवतं का? भिडेखातर चावी खिशात घातली. त्या खोलीत मी एकदाही पाठ टेकली नाही.

पोरीला सीईटीत चांगले मार्क पडले, पुण्याला फार्मसीला नंबर लागला. घरचं उत्पन्न सरकारी मर्यादेच्या आत असलं तर मुलींची फी माफ होते. माझा पगार काठावर, पण आत. बिनघोर तहसीलला दाखल्यासाठी गेलो. कारकुनानं कंपनीनं दिलेला पगार-टॅक्सचा फॉर्म सोळा बघितला आणि परत माझ्याकडं सरकवला.

"बसत नाय तुमचं. उत्पन्न मर्यादेच्या वर हाय."

पगाराच्या खाली आणखी एक आकडा होता, कंपनीनं दिलेल्या घराची किंमत. म्हणजे ती खोली! ती माझी कमाई धरली होती आणि वर तिच्यावर टॅक्सही कापला होता. महिन्याला थोडं जास्त कापलं जायचं ते दिसत होतं, मला वाटलं सगळ्यांचंच कापत असतील.

महाडचे अकाउंट्सचे साहेब म्हणाले, तिकडच्यांनी आम्हाला पाठवलेल्या बिलात तुमच्या नावावर खोली दाखवली म्हणून आम्ही धरली, त्यांनी लिहून दिलं तर काढू. तिकडं गेलो तर तोच चहा पाजणारा मॅनेजर म्हणतो, खोली तुमच्या नावावर होती, झोपला नाहीत हा तुमचा प्रश्न, आणि टॅक्सचं तुमच्या मूळ कंपनीला विचारा. अरे, राबवून घेताना माणूस दोघांचा, आणि निस्तरायची वेळ आली की कुणाचाच नाही? मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढं आवाज चढवला. त्यानं सिक्युरिटीला बोलावून मला बाहेर काढलं. फाटकाबाहेर उभं राहून मी ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

या टोलवाटोलवीत प्रवेशाची मुदत गेली. पूर्ण फी माझ्या आवाक्यातली नव्हती. पोरीनं गुपचूप महाडला बीएस्सीला नाव घातलं. माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता मी परत महाडच्या बॉयलरवर आहे. घरी आलो की सवयीनं म्हणतो, आजीचं मी बघतो, तू अभ्यासाला बस. परवा ती उठलीच नाही. आजीचे पाय चेपत राहिली.

"करते मी, बाबा. मला आता कुठं जायचंय?"