सिद्राचं उलटं पान

चुका काढणं हा माझा स्वभाव आहे आणि नशिबाने धंदाही तोच मिळाला. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे अबू धाबीला आले आणि अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर बसून वाळवंटातल्या झाडांची शास्त्रीय चित्रं काढू लागले. अशा चित्रात मनाचं काही घालायचं नसतं. पानाला तीन शिरा असतील तर तीनच, आणि एखाददुसरं पान मुद्दाम उलटं वळवून दाखवायचं, म्हणजे बघणाऱ्याला त्याची पाठही कळते. "आई, नोबडी लुक्स ॲट द बॅक," असं माझी लेक इरा म्हणते. मी तिच्याकडे लक्ष देत नाही.

गेल्या वर्षी माझी नऊ चित्रं एका राजघराण्याला आवडली. घरच्या लग्नात वरमाईने घालायच्या झग्यावर ती नऊ झाडं जरीत उतरवायची असं ठरलं. काम दुबईला, इंटरनॅशनल सिटीजवळच्या एका कारखान्यात. अट अशी की माझी सही झाल्याशिवाय एकही झाड पास नाही. "आता कारागिरांची खैर नाही," शैलेंद्र म्हणाला. नवरा आहे, मला ओळखतो.

आठ झाडं पास झाली. नववं सिद्राचं, म्हणजे आपल्या बोरीचं चुलतभावंड. काटेसुद्धा तसेच, जोडीतला एक सरळ, एक वाकडा. कारखान्याचा सुपरवायझर रुहान मला लाकडी चौकटीवर ताणलेल्या रेशमाजवळ घेऊन गेला. फांदीवरची सगळी पानं सोन्यासारखी झळकत होती. उलटं वळलेलं पान मात्र मंद, निस्तेज. मी तपासणीच्या कागदावर लाल पेन्सिलीने त्या पानाभोवती गोल काढला आणि खाली 'चूक' असं लिहिलं. रुहानने लगेच त्याचा फोटो काढून राजवाड्याकडे पाठवला, तसा नियमच होता.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे उसवलं तर सिल्कला भोकं राहणार. पीस खलास. आणि केरूभाऊ पण खलास. सत्तावन्न वय झालंय, मॅनेजमेंट म्हणतं नजर गेली. व्हिसा रिन्यू करायचा की नाही, ते ह्या पीसवरच ठरणार आहे."

"हे तू आधी सांगायचंस. आहेत कुठे ते?"

त्याने खाली बोट दाखवलं. चौकटीखालून दोन पाय बाहेर आले होते.

मी वाकले. एक पिकल्या मिशांचा माणूस गोणपाटावर उताणा पडला होता. वरून दिवा सोडलेला, त्याच्या उजेडात कापडावरची रेघ खालूनही दिसत होती. डावा हात चौकटीच्या कडेवरून वर काढून तो दोरा पुरवत होता आणि उजव्या हाताने सुई खालून वर टोचत होता. दुसरं उलटं पान चाललं होतं.

"केरूभाऊ, हे काय करताय?"

माझ्या तोंडून मराठी ऐकून सुई थांबली. "पानाची पाठ काढतोय, ताई."

"म्हणजे?"

"सुई वरनं घातली की टाक्याची चकाकी वर येती आन् पाठ खाली ऱ्हाती. तुमी पान उलटं काढलंय. मग टाक्याचीबी पाठच दावाया पायजे न्हवं? बोरीचं पान वरनं चकाकतं, खालनं पांढुरकं. चौकट उलटी करावी, तर बाकीचे तिघं वर कामाला बसत्यात. म्हनून मीच उलटा झालो."

मी उठून पुन्हा पाहिलं. मी ब्रशने तीन दिवस झगडून जो फिका रंग आणला होता, तो या माणसाने नुसता टाका फिरवून आणला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आश्चर्य वाटलं. इतकं बारकाईने माझं चित्र आजवर कुणी वाचलं नव्हतं.

ते बाहेर आले, चहा झाला. माण तालुक्यात मेंढरांमागे वाढलेला माणूस. तेविसाव्या वर्षी रास अल खैमाला फरश्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. चार वर्षांनी खोलीत बरेलीचा एक जरीकाम करणारा कारागीर आला. त्याने सुट्टीच्या शुक्रवारी खाटेच्या चौकटीवर जुनी चादर ताणून याला सुई धरायला शिकवलं. पुढची तीस वर्षं केरूभाऊंचा डावा हात कापडाखालीच गेला. त्यांनी भरलेला एकही झगा त्यांनी कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. गावी बायकोला, सत्यभामाबाईंना, फोटो पाठवतात, तेवढंच.

माझा लाल गोल मात्र राजवाड्यात पोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उम्म सालेम नावाच्या वृद्ध बाई स्वतः आल्या. घराण्यातले लग्नाचे कपडे त्यांच्याच नजरेखालून जातात. मीही अबू धाबीहून धावत आले होते. चूक माझी आहे, हे मी इंग्रजीत सांगत सुटले. त्यांनी हाताने मला थांबवलं, उलट्या पानांवरून बोट फिरवलं आणि रुहानला दोऱ्या सोडायला लावून कापडच पालथं करवलं.

मागे नेहमीचा पसारा होता, गाठी आणि धाग्यांची टोकं. त्या पसाऱ्यात दोनच पानं लखलखत होती. चकाकी तिकडे गेली होती, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. केरूभाऊ भिंतीशी उभे होते, पाठीला गोणपाटाचे धागे चिकटलेले.

उम्म सालेम रुहानकडे वळून अरबीत काही बोलल्या. रुहानने सांगितलं, "त्या म्हणतायत, अस्तर लावताना ही दोन पानं झाकू नका. आतून उघडी ठेवा. ही घालणारीसाठी आहेत."

त्या गेल्यावर केरूभाऊ त्या कापडाजवळ गेले. "तीस वरसं झाली, ताई," ते म्हणाले, "मागली बाजू बगाया कुणी आलं न्हवतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि जरीचे कण गेले म्हणाले.

मी लाल गोल खोडायला घेतला. तो पुरता जाईना. शेवटी कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सही केली.

"मॅडम, सही पुढे करतात," रुहान म्हणाला.

"ह्याची मागेच," मी म्हटलं.